दुसऱ्याच्या बागेतली फुलं

पूजेची फुलं आईने कधी विकत आणलेली मला आठवत नाहीत. चिपळूणला आमच्या घरामागे जेमतेम चार फुटांचा पट्टा, त्यात एक तुळस, एक कढीलिंब आणि एक कधीही न फुललेला अनंत, त्यामुळे देवाची सगळी भिस्त शेजाऱ्यांवर. पहाटे साडेपाचला एका हातात परडी, दुसऱ्या हातात आकडी, आणि कंपाउंडवरून बाहेर डोकावणारी जी काय जास्वंद, तगर, सोनटक्का असेल ती खुडत खुडत गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी. लहानपणी मला पण न्यायची, कारण माझे हात बारीक, गेटच्या गजांमधून आरामात आत जायचे. ह्याला चोरी म्हणायचं नाही हे मला फार लवकर शिकवलं गेलं. देवाच्या फुलाला कसली आलीय चोरी!

तर अशा बाईला मी गेल्या जूनमध्ये, एका रविवारी, माणशी ६ पौंडाचं तिकीट काढून परक्या लोकांच्या बागा बघायला नेलं.

आम्ही इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. इथे गोव्याची माणसं इतकी आहेत की बसमध्ये कोकणी ऐकू येते, त्यामुळे आईला पहिला आठवडा बरा गेला. ती सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. तीन आठवड्यांत तिने माझी कपाटं लावली, डबे घासले, दोन जुन्या साड्यांची गोधडी शिवायला घेतली आणि मग खिडकीत बसून मला विचारायला लागली की ह्या लोकांना घरं आहेत, गाड्या आहेत, मग माणसं कुठे असतात? प्रश्न अगदी योग्य होता. आमच्या शेजारच्या जोडप्याशी आमचे आठ वर्षांचे उत्तम संबंध आहेत, एकमेकांची पार्सलं घेतो, ख्रिसमसला कार्ड टाकतो, पण त्यांच्या दाराच्या आत माझं पाऊल अजून पडलेलं नाही. उभ्याउभ्या दारात बोलायचं, हवामानावर दोन वाक्यं आणि चला.

आणि हीच माणसं उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी लावतात आणि कोणालाही, अगदी कोणालाही, घराच्या मागच्या बागेत घेतात. नॅशनल गार्डन स्कीम म्हणतात त्याला. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून तीन हजारांच्या वर खाजगी बागा वर्षातले एक-दोन दिवस उघडतात, तिकिटाचे आणि चहा-केकचे पैसे धर्मादाय कामाला. ह्यांचं वार्षिक पुस्तक आहे, पिवळ्या कव्हरचं, म्हणून नुसतं यलो बुक म्हणतात. कोणाचीही बाग घेत नाहीत हां, आधी माणूस येऊन बघून जातो, आणि पूर्वीपासूनचा एक निकष मला फार आवडतो, की बघणाऱ्याला तिथे ४५ मिनिटं घालवता आली पाहिजेत. माझ्या बागेत कोणी ४५ मिनिटं घालवायची म्हटली तर त्याला माझं गवत कापायला लावावं लागेल. छोट्या बागा असतील तर गावातले सात-आठ जण मिळून एकाच तिकिटात उघडतात. आम्ही गेलो ते असंच एक गाव होतं, स्विंडनपासून अर्ध्या तासावर, कॉट्सवोल्डच्या कडेला. नाव मुद्दाम लिहीत नाही, शेवटी लोकांची घरं आहेत ती.

‘अठरा पौंड?’ आई गाडीतून उतरता उतरता. लेक फुकटात होती, आम्ही तिघं मोठे. ‘म्हणजे दोन हजार रुपये? झाडं बघायला?’

‘चॅरिटी आहे अगं.’

‘मग चॅरिटी द्यायची आणि घरी बसायचं. पाऊस बघ.’

पाऊस होताच. जूनमधला इंग्लंडचा पाऊस म्हणजे काय सांगू, चिपळूणच्या माणसाने त्याला पाऊस म्हणू नये, पण भिजायला होतंच. एका शेतात गाडी लावली, चिखलात चपला भरल्या, गावाच्या हॉलपाशी एक आजोबा बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणि कार्ड मशीन घेऊन बसले होते त्यांच्याकडून तिकिटं आणि झेरॉक्स नकाशा घेतला. नकाशावर सात आकडे, सात बागा, आणि मधोमध कपाचं चित्र. माझा नवरा त्या कपाकडे बघत म्हणाला की आपण सातवरून सुरुवात करून उलटं आलो तर?

गावात शिरल्या शिरल्या आई थांबली ती फुलांपाशी नाही, भिंतीपाशी. त्या भागात शेतांना, बागांना चुनखडीच्या पिवळसर दगडांच्या कमरेएवढ्या भिंती असतात, सिमेंट नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आईने दोन दगड हलवून बघितले. ‘हा तर गडगा! आपल्याकडे जांभ्याचा, इकडे ह्याचा. पण रचणाराचा हात चांगला आहे.’ तिथून पुढे तिचा मूड जरा सुधारला. सासर-माहेर दोन्हीकडे गडगे बघत वाढलेल्या माणसाला गडगा दिसला की निम्मं गाव आपलं वाटत असावं.

पहिल्या दोन बागा मी पटकन उरकते कारण आम्हीही पटकनच उरकल्या. एक मोठा वाडा, त्याचं गालिच्यासारखं लॉन, यू नावाच्या झाडांची कापून कापून केलेली भिंत, आणि एका झुडपाला कात्रीने मोर बनवलेला. लेकीने मोराबरोबर फोटो काढला. मला अशा बागा बघितल्या की मालकापेक्षा माळ्याचं कौतुक वाटतं, आणि माळी कुठे दिसत नाही. पण ह्या वाड्याच्या मागे, तळ्याकाठी तीन झाडं होती, पांढरीशुभ्र, चुना लावल्यासारखी, आणि खोडाची साल कागदासारखी सुटून लोंबत होती. आईचा हात गेलाच. मी ‘आई!’ म्हणेपर्यंत बोटाएवढा पापुद्रा तिच्या हातात. नाकाशी धरला, बोटांनी चोळला, म्हणाली, ‘भूर्जपत्र आहे गं हे. माझ्या आजीच्या ताइतात होतं, त्यावर काहीतरी लिहिलेलं.’

मी म्हटलं काहीतरीच काय, आणि खालची स्लेटवर लिहिलेली पाटी वाचून फोनवर शोधलं. बेट्युला युटिलिस, त्यातला जॅकमाँटिआय नावाचा प्रकार. हिमालयातला बर्च. म्हणजे भूर्जच! इंग्रजांच्या बागांमध्ये हा सगळीकडे असतो, मी स्वतः कित्येकदा त्याच्या खालून गेलेय, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पण बघितलाय, आणि डोक्यात कधी आलं नाही. व्हिक्टर जॅकमाँ नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक हिमालयात झाडंपाला गोळा करत हिंडला होता, त्याच्या नावावरून हे नाव, आणि तो वारला कुठे तर मुंबईत, १८३२ साली. हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बिचारा. एवढ्या लांब. घरचं कोणी नसेल जवळ.’ आणि पापुद्रा पर्समध्ये टाकला.

तिसरी बाग एका आजींची. वय ऐंशीच्या पुढे असावं, पँटच्या गुडघ्यांवर चिखल, स्वेटरला कोपरावर भोक, खिशातून सुतळी लोंबतेय. घर इवलंसं, बाग लांबट, कोकणातल्या परसासारखी मागे मागे जाणारी. आम्ही आत शिरल्याबरोबर त्या म्हणाल्या, ‘अरेरे, तुम्ही दोन आठवड्यांपूर्वी यायला हवं होतं हो, तेव्हा पिओनी काय फुलले होते, पावसाने सगळे झोपवले.’ हे वाक्य मी इथल्या प्रत्येक बागेत ऐकलंय. नेहमी दोन आठवड्यांपूर्वी यायला हवं होतं किंवा पुढच्या आठवड्यात यायला हवं. आईला भाषांतर करून सांगितलं तर ती हसायला लागली, ‘म्हणजे आज आमटी जरा बिघडलीच, असं म्हणत वाढायची तसं.’ अगदी तसंच. आमटी अर्थातच कधी बिघडलेली नसते.

आणि बाग खरंच सुंदर होती. आखलेली नाही, वाढू दिलेली. वाटेच्या दोन्ही कडांना एक गोल गोल पानांचं बुटकं झाड होतं, अल्केमिला, त्याच्या पानांवर पावसाचे थेंब पाऱ्यासारखे उभे, जरा धक्का लागला की घरंगळून मधोमध एकच मोठा मणी. लेक धावत आली, ‘आजी, बघ, अळू!’ गंमत म्हणजे तिने अळूचं पान भारतात फक्त एकदा बघितलंय. होस्टाची पानं गोगलगायींनी चाळणी केली होती, आजी म्हणाल्या मी रात्री बॅटरी घेऊन जाते आणि वेचून काढते. काय करता त्यांचं, मी विचारलं. त्यांनी गडग्यापलीकडे बोट दाखवलं आणि डोळा मिचकावला. पलीकडे वाड्याची हद्द होती.

आईला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर कंपोस्टचे तीन कप्पे. तिथे ती दहा मिनिटं उभी होती. हात घालून बघितला, वास घेतला, मला म्हणाली विचार, केळ्याची सालं घालतात का, चहाची पावडर घालतात का, उंदीर येतात का. मी मधे दुभाषी. उंदरांच्या प्रश्नावर दोघींचं फार जमलं.

आणि मग त्या कप्प्यांच्या मागे, भिंतीच्या सावलीत, फॉक्सग्लोव्ह.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, पुरुषभर उंच दांडा, आणि त्याला एका अंगाला खालपासून वरपर्यंत जांभळी-गुलाबी घंटीसारखी फुलं लटकलेली. खालची आधी उमलतात, वर टोकाला हिरव्या कळ्या. घंटीच्या आत पांढऱ्या कडांचे गडद ठिपके, कोणी पेनाने काढल्यासारखे. इथे रानात पण उगवतो हा, रेल्वेच्या रुळांकडेला दिसतो. आम्ही उभे होतो तेवढ्यात एक केसाळ भुंगा आला, सगळ्यात खालच्या फुलात शिरला, पूर्ण आत, बाहेर काहीच नाही, नुसता घंटीच्या आतून दबलेला आवाज, मग उलटा उलटा बाहेर आला पाठीला पिवळी पूड फासून, आणि वरच्या फुलात. मग त्याच्या वरच्या. जिना चढल्यासारखा.

‘आई, बाबांची ती हार्टची गोळी होती ना,’ मी म्हटलं, ‘डिगॉक्सिन. ती ह्याच्यापासून. म्हणजे ह्याच्या चुलत बहिणीपासून, दुसरी जात आहे, पण हेच घराणं.’

‘कुठली?’

‘ती गं, शनिवार-रविवार…’

‘सुट्टीवाली?’

हो. सुट्टीवाली. आपल्याकडे बरेच डॉक्टर ती गोळी आठवड्यातून पाच दिवस देतात, शनिवार-रविवार बंद, कारण थोडीशी जास्त झाली तरी तिचं विष होतं. आईने कालनिर्णयवर वर्षभराच्या शनिवार-रविवारांवर लाल पेनाने ‘सु’ लिहून ठेवलं होतं. बाबा म्हणायचे, गोळीला फाइव्ह डे वीक आहे, मलाच आयुष्यात नव्हता.

मी तिला सांगितलं की हे झाड नुसतं चघळलं तरी माणूस जाऊ शकतो, आणि विदरिंग नावाच्या इंग्लिश डॉक्टरने कोणा म्हातारीच्या पायांच्या सुजेवरच्या काढ्यात हेच खरं औषध आहे हे ओळखलं, मग कितीतरी वर्षं रोग्यांना देऊन, मोजून, कोणाला लागू पडलं, कोणाला नाही, सगळं लिहून १७८५ साली त्याचं पुस्तक काढलं. आई ऐकत होती का माहीत नाही. ती फुलाच्या आत बघत होती.

‘सूज उतरायची हं ह्यांची,’ ती म्हणाली. ‘सुरुवातीला तरी.’

शेवटचे सात महिने बाबा घरीच होते. हॉस्पिटलने सांगितलं आता घरी न्या, म्हणजे त्यांनी सांगायचं तेवढं सांगितलं आणि बिल दिलं. पुढे काय करायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवायचं, रात्री श्वास लागला तर कोणाला फोन करायचा, ह्यातलं काही नाही. इंजेक्शन द्यायला एक कंपाउंडर यायचा, त्याच्या सवडीने. एअर बेड भावाने पुण्याहून आणला. बाकी आई. एकटी, सत्तरीची. आणि मी स्विंडनमधून व्हॉट्सॲपवर, फोन बाबांच्या बाजूला नीट धर, दिसत नाहीयेत, असं सांगणारी.

चहाला गावाच्या हॉलमध्ये गेलो. लांबलचक टेबल, त्यावर केकच केक, व्हिक्टोरिया स्पाँज, लेमन ड्रिझल, कॉफी-अक्रोड, सगळे गावातल्या बायकांनी घरी केलेले आणि सगळ्यांत अंडं. आईला चालत नाही. माझी खात्री होती की आता पर्समधून लाडवाचा डबा निघणार. पण टेबलामागच्या बाईने क्षणभर विचार केला आणि फ्लॅपजॅक पुढे केला, ओट, लोणी, साखरेचा पाक, अंडं नाही. आईने एक तुकडा मोडला. ‘चिक्कीच आहे की, मऊ पडलेली,’ असं म्हणत दोन खाल्ले. नवऱ्याने काय काय खाल्लं ते लिहीत नाही, घरात शांतता हवी आहे.

भिंतीवर पोस्टर होतं, पैसे कुठे जातात त्याचं. आईने विचारलं काय लिहिलंय. मी वाचायला लागले, मॅकमिलन आणि मेरी क्युरी ह्या कॅन्सरच्या आणि शेवटच्या आजारपणात मदत करणाऱ्या संस्था, हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांत रोग्याला सांभाळणारी ठिकाणं, पार्किन्सन्सवाल्यांची संस्था, आणि क्वीन्स नर्सिंग इन्स्टिट्यूट, जिथून हे सगळं सुरू झालं. लिव्हरपूलला रॅथबोन नावाचा व्यापारी होता, १८५९ साली त्याची बायको घरी आजारपणात गेली, तिची शुश्रूषा करायला त्याने मेरी रॉबिन्सन नावाची नर्स ठेवली होती. बायको गेल्यावर त्याला वाटलं, पैसा असून मला हिच्याशिवाय झेपलं नसतं, मग गरिबाच्या घरी काय होत असेल? त्याने त्याच नर्सला शहरातल्या गरीब घरांमध्ये जायला लावलं. त्यातून डिस्ट्रिक्ट नर्स, म्हणजे घरी येणारी नर्स. पुढे ह्या नर्सेससाठी पैसे कमी पडायला लागले तेव्हा इन्स्टिट्यूटमधल्या एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवलं की एवढ्या छान छान बागा आहेत लोकांच्या, एक शिलिंग घेऊन बघू द्या की. १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि ८ हजार पौंडांच्या वर जमले. आता वर्षाला ३० लाखांच्या पुढे देतात.

इतका वेळ मी वाचत होते तसतशी सांगत होते, गाइडसारखी. आईने मधेच विचारलं, ‘रात्री पण येते ती?’

‘कोण?’

‘नर्स. रात्री येते का?’

मेरी क्युरीच्या नर्स रात्रभर थांबतात, घरच्यांना झोपता यावं म्हणून. मी तसं सांगितलं.

‘झोपता यावं म्हणून,’ आई म्हणाली. नंतर बराच वेळ काही बोलली नाही. चहा संपवला, कप नेऊन ठेवला, तिथल्या बाईला ‘थँक्यू’ म्हणाली.

उरलेल्या चार बागा बघायच्या होत्या, तिकीट तर भरलेलं, आणि आम्ही पैसे वसूल करणारी माणसं. पण आई म्हणाली मला परत त्या आजीकडे जायचंय. गेलो. आजी गडग्यावर बसून स्वतःच्याच बागेत सँडविच खात होत्या. आई सरळ कंपोस्टच्या मागे गेली. सकाळच्या पावसाने फॉक्सग्लोव्हची खालची फुलं गळली होती, ती पाकळी पाकळी गळत नाहीत, अख्खी घंटीच सुटून पडते, तशी आठ-दहा ओल्या मातीत पडलेली.

‘विचार तिला,’ आई मला म्हणाली, ‘खालची घेतली तर चालतील का.’

मी बघतच राहिले. चाळीस वर्षांत ह्या बाईने फूल घ्यायच्या आधी कोणाला विचारलेलं मी बघितलेलं नाही.

आजी म्हणाल्या, घ्या की, कचराच आहे तो, मला झाडावाच लागणार होता. मग त्यांनी विचारलं की खालची का, वरची कापून देते की. मी प्राजक्त समजावून सांगायचा प्रयत्न केला, की आमच्याकडे जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, पण एक झाड असं आहे की ज्याची पडलेलीच वेचायची. माझ्या इंग्रजीत ते काही नीट उतरलं नाही. त्या म्हणाल्या, ‘हाऊ लव्हली,’ जे इथे न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला म्हणतात. आई वाकून वेचत होती. दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी वाकली होती, गुडघे दुखतात हे विसरून. मी तिच्या पाठीवर म्हटलं, आई, विषारी आहे हां, तोंडाला हात लावू नकोस. ‘माहितेय,’ ती म्हणाली, ‘मीच देत होते ना.’

जूनमध्ये इथे रात्री साडेनऊला पण उजेड असतो. लेक झोपली, नवरा फोनवर मॅच बघत होता. आईने पर्समधून टिश्यू काढला, सहा फुलं नीट होती, एक चुरगळलेलं, ते वेगळं काढलं. हात साबणाने धुतले, दोनदा. वाटीत बोटभर पाणी घेऊन त्यात सहाही फुलं सोडली. बाबांचा छोटा फोटो तिने येताना बॅगेत घालून आणलाय, स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो तो, देव्हाऱ्याशेजारी. मला वाटलं आता वाटी तिथे जाणार. तिने ती ओट्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि वर ताटली झाकली.

‘बाबांपुढे नाही ठेवत?’

‘उद्या ठेवीन,’ दिवा घालवत ती म्हणाली. ‘आज रविवार ना.’